हमीदचा चिमटा आणि माझ्या खिशातली बोरं

ऑक्टोबर जवळ आला की आमच्या ऑफिसात एक मेल येतो. २ ते ८ ऑक्टोबर हा आठवडा देण्याचा. २००९ साली ‘जॉय ऑफ गिव्हिंग वीक’ या नावानं आपल्याकडे सुरू झालेला हा उपक्रम पुढे ‘दान उत्सव’ झाला. आता बऱ्याच कंपन्यांच्या कॅलेंडरात तो दिवाळीआधीचा एक सण असल्यासारखाच असतो. जुने कपडे, जुनी खेळणी, एखाद्या शाळेची भेट, ग्रुप फोटो. गेल्या वर्षी आमच्याकडे त्यात एक भर पडली: कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी ‘देण्यातला आनंद’ या विषयावर एक तासाचं सत्र. मी कथा-कादंबऱ्या वाचते हे टीममध्ये माहीत असल्यामुळे ते माझ्या गळ्यात पडलं. स्लाइड्स तयार होत्या. पहिल्या स्लाइडवर एक स्वच्छ, गुटगुटीत मुलगा एका मळक्या कपड्यांतल्या मुलाच्या हातात टेडी बेअर ठेवत होता. दोघंही हसत होते. शेवटच्या स्लाइडवर सर्टिफिकेट होतं.

पहिल्या स्लाइडकडे मी बराच वेळ बघत बसले, कारण त्या चित्रात मी एकदा होते. टेडी देणाऱ्याच्या जागी नाही, समोरच्या.

मी तेव्हा पाचवीत होते. तालुक्याच्या गावाबाहेरची जिल्हा परिषदेची शाळा. वडील दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर, आई रोजानं शेतात. जानेवारीतल्या एका सकाळी शहरातल्या एका शाळेची बस आली. आम्हाला मैदानात रांगेनं बसवलं. माझ्याच वयाची, पांढऱ्या रिबिनी बांधलेली एक मुलगी माझ्यापुढे आली आणि तिनं माझ्या हातात सहा वह्या आणि एक कंपासपेटी ठेवली. फोटो काढणारे काका म्हणाले, “बाळा, हस ना.” मी हसले नसणार, कारण त्यांनी पुन्हा सांगितलं. त्या मुलीनं वह्या परत घेतल्या, पुन्हा दिल्या. तिसऱ्यांदा फोटो बरा आला.

माझ्या स्कर्टच्या खिशात बोरं होती. शाळेच्या वाटेवरची, आंबट-गोड. मूठभर काढून मी तिच्यापुढे धरली. तिनं हात पुढे केलाही. तेवढ्यात तिच्या बाई म्हणाल्या, “नको गं, धुतलेली नसतील.” हात मागे गेला. थोड्या वेळानं बसही गेली. बोरं मी घरी जाताना खाल्ली.

एक गोष्ट आधीच सांगते. मला त्या वह्या हव्या होत्या. सगळी पानं मी भरली, मागच्या पुठ्ठ्यांवरसुद्धा गणितं केली. कंपासपेटी दहावीपर्यंत टिकली. तेव्हा ‘मदत करू नका’ असं सांगणारा हा लेख नाही. पण मुलांना देण्यातला आनंद शिकवायचा म्हणजे नक्की काय शिकवायचं, हा प्रश्न त्या स्लाइडनं माझ्यापुढे टाकला, आणि त्याचं उत्तर शोधायला मी स्लाइड्स बाजूला ठेवून गोष्टींकडे गेले.

०००

या विषयावरची माझ्या मते सर्वात चांगली गोष्ट १९३३ सालची आहे. प्रेमचंदांची ‘ईदगाह’. तुमच्यापैकी अनेकांना ती माहीत असेल. आईबाप वारलेला चार-पाच वर्षांचा हमीद, त्याची गरीब आजी अमीना, ईदची जत्रा, आणि खेळणी-मिठाई सोडून आजीसाठी घेतलेला लोखंडी चिमटा. आजीकडे चिमटा नाही, तव्यावरून रोट्या काढताना तिची बोटं भाजतात, म्हणून. साधारण एवढ्या तीन ओळींत ती सांगितली जाते आणि शेवटी तात्पर्य येतं: बघा, हमीद किती गुणी!

मी ती पुन्हा वाचली तेव्हा मला हे तात्पर्य खोटं वाटलं. प्रेमचंदांनी गुणी बाळाची गोष्ट लिहिलेलीच नाही.

आधी हिशेब बघा. प्रेमचंद पैशांच्या बाबतीत एखाद्या दुकानदाराइतके काटेकोर आहेत. घरात एकूण दोन आणे, म्हणजे आठ पैसे. त्यातले तीन हमीदच्या खिशात, पाच आजीच्या बटव्यात. आजीला तेवढ्यात ईद साजरी करायची आहे. महमूदकडे बारा पैसे आहेत, मोहसिनकडे पंधरा. एक पैसा दिला की चक्रीपाळण्यात पंचवीस फेऱ्या. मातीची खेळणी दोन-दोन पैशांना. चिमट्याची किंमत दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचवर येतो. हमीद तीन म्हणतो आणि ओरडा बसेल म्हणून चालू लागतो. दुकानदार त्याला बोलावून चिमटा देतो. म्हणजे हमीदनं आपल्याकडचं ‘थोडंसं’ दिलं नाही. त्यानं सगळे पैसे दिले. पाळणा गेला, खेळणी गेली, मिठाई गेली. जत्रेत त्यानं काहीच खाल्लं नाही.

आमच्या ऑफिसात ठेवलेल्या खोक्यात गेल्या वर्षी जी खेळणी जमली, त्यांत एका रोबोला एक पाय नव्हता आणि एका बुद्धिबळाच्या पटावर दोन वजीर कमी होते. मुलांचा दोष नाही. ‘तुला नको असलेलं काय आहे ते शोध’ असंच त्यांना सांगितलेलं होतं. ते कपाट आवरणं झालं. त्याचा उपयोग होतो, पण त्याला देणं म्हणायचं का, याबद्दल मला शंका आहे.

दुसरी गोष्ट. जत्रेत मिठाईच्या दुकानापाशी एक छोटा प्रसंग आहे, जो गोष्ट सांगताना नेहमी गाळला जातो. मोहसिन हमीदला रेवडी देऊ करतो. हमीदला संशय येतो, तरी तो हात पुढे करतो. मोहसिन रेवडी स्वतःच्या तोंडात टाकतो आणि बाकीची पोरं टाळ्या पिटून हसतात. देण्याच्या गोष्टीत देण्याचीच अशी थट्टा. या प्रसंगाशिवाय चिमटा समजत नाही. पुढे केलेला हात रिकामा मागे येणं काय असतं, हे हमीदला चिमटा घेण्याच्या थोडंच आधी कळलेलं आहे. तो प्रसंग वाचताना मला माझी बोरं आठवली, हे लपवत नाही. तिथं हात माझा नव्हता, त्या मुलीचा मागे गेला होता. पण मूठ माझीच उघडी राहिली होती.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चिमट्यापाशी उभा असलेला हमीद काय काय विचार करतो, ते वाचा. आजीची बोटं वाचतील, हे आहेच. पण आजी खूश होईल, शेजारणींना दाखवेल, दुवा देईल, मोठ्यांच्या दुवा अल्लापर्यंत पोचतात, हेही आहे. आणि मित्रांवरचा रागही आहे: खाऊ देत मिठाई, तोंडं खराब होतील यांची! म्हणजे या मुलाच्या मनात माया, हिशेब, कौतुकाची भूक आणि चक्क चडफड, सगळं एकत्र आहे. पुढे तो त्या चिमट्याच्या जोरावर मित्रांशी वाद घालतो, त्यांच्या मातीच्या वकिलाला आणि शिपायाला हरवतो, फुशारकी मारतो. महमूदचे वडील महमूदला केळी देतात तेव्हा तो ती फक्त हमीदबरोबर वाटून खातो. चिमट्याचा तो पहिला फायदा.

शुद्ध मनानं देणारं बालक प्रेमचंदांना माहीत नसावं, किंवा त्यावर त्यांचा विश्वास नसावा. मला यातच मोठा दिलासा वाटतो. देण्याआधी मन निर्मळ करा अशी अट घातली, तर जगात कोणीच कोणाला काही देणार नाही. प्रेमचंदांची अट वेगळी आणि अधिक अवघड आहे: समोरच्याची गरज दिसली पाहिजे. हमीदनं आजीची भाजलेली बोटं पाहिलेली आहेत. रोज पाहिलेली आहेत. जत्रेच्या गोंगाटात त्याला ती आठवतात, इतकी ती त्याच्या डोळ्यांत आहेत.

०००

माझा इंजिनिअरचा स्वभाव. कुठलीही गोष्ट पटली की ती मोजता येते का ते मी बघते. म्हणून थोडं इकडंतिकडं शोधलं. २०१२ साली लारा अ‍ॅकनिन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन या संशोधकांनी कॅनडात दोन वर्षांखालच्या बाळांवर एक प्रयोग केला. बाळाला खाऊ दिला, आणि त्यातला खाऊ एका बाहुलीला द्यायला लावला. बाळांचे चेहरे खाऊ मिळताना जेवढे खुलले, त्यापेक्षा देताना जास्त खुलले. त्यातही, संशोधकांनी वेगळा पुरवलेला खाऊ देताना होणाऱ्या आनंदापेक्षा स्वतःच्या वाटीतला खाऊ देताना होणारा आनंद जास्त होता.

दुसरा प्रयोग त्याआधीचा, २००८ सालचा, फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांचा. वीस महिन्यांची मुलं मोठ्या माणसाला मदत करत होती. काहींना मदतीबद्दल बक्षीस दिलं, काहींना दिलं नाही. पुढे ज्यांना बक्षीस मिळालं होतं, ती मुलं नंतर कमी मदत करू लागली.

यावरून मी एवढंच घेतलं: देण्यातला आनंद मुलांना शिकवावा लागतच नाही, तो त्यांच्याकडे असतो. आपण सर्टिफिकेट देऊन तो घालवू मात्र शकतो.

०००

‘ईदगाह’चा शेवट आता बघू. हमीद चिमटा घेऊन घरी येतो. आणि अमीना काय करते? छाती बडवून घेते. दुपार झाली, पोरानं काही खाल्लं नाही, प्यायलं नाही, आणि आणलं काय, तर चिमटा! तिची पहिली प्रतिक्रिया राग आहे. मग हमीद अपराध्यासारखा कारण सांगतो आणि तो राग विरघळतो. म्हातारी लहान मुलीसारखी रडते. तिच्या रडण्यामागचं गूढ हमीदला कळण्यासारखं नव्हतं, असं म्हणून प्रेमचंद गोष्ट संपवतात.

देण्यातल्या आनंदाच्या या गोष्टीत शेवटी देणाऱ्याच्या आनंदाबद्दल एक शब्दही नाही. हमीदला समाधान झालं, त्याचं मन भरून आलं, असलं काहीही नाही. तो गोंधळलेला आहे. गोष्टीचा शेवट घेणारीचा आहे.

आणि ती घेणारी रागावू शकते.

हे मला पूर्वी कधी जाणवलं नव्हतं. मग मी ‘श्यामची आई’ काढली. योगायोग असा की साने गुरुजींनी ती नाशिकच्या तुरुंगात लिहिली तेही १९३३ सालीच. पुस्तक १९३५ मध्ये आलं. त्यात दापोलीला शिकणारा श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवून आणतो. तिथंही कौतुकाच्या आधी आईचा प्रश्न येतो: पैसे कुठून आणलेस? चोरले तर नाहीस ना? अमीनाचा राग आणि श्यामच्या आईचा संशय यांत मला एकच गोष्ट दिसते. भेट आलेल्या घराला भेटीबद्दल प्रश्न विचारायचा अधिकार आहे. तिथं कोणी हात जोडून उभं नाही.

तेव्हापासून कुठल्याही मदतकार्याच्या फोटोला मी ही एक टेस्ट लावते: यातला घेणारा रागावू शकतो का? ‘हे नको, मला दुसरं हवं होतं’ असं म्हणू शकतो का? पाचवीतली मी म्हणू शकत नव्हते. मला चित्रकलेच्या वह्या हव्या होत्या, मिळाल्या त्या एकरेघी. पण मला ‘हस ना’ असं सांगितलं होतं.

०००

इथं कोणी म्हणेल, आजीला देणं, भावाला देणं सोपं आहे. घरच्यांची बोटं रोज दिसतात. परक्याचं काय?

आक्षेप रास्त आहे, आणि ‘श्यामची आई’मध्येच त्याची एक अवघड बाजू आहे. ‘देवाला सारी प्रिय’ या प्रकरणात एका म्हाताऱ्या महार बाईची लाकडाची मोळी रस्त्यात पडलेली असते. विटाळाच्या भीतीनं तिला कोणी उचलून देत नाही. आई श्यामला सांगते, जा, तिच्या डोक्यावर मोळी दे, आणि घरी येऊन आंघोळ कर.

लहानपणी मला हे प्रकरण आवडायचं. आता त्या आंघोळीपाशी अडखळायला होतं. त्या काळात, त्या गावात, एका ब्राह्मण बाईनं मुलाला ‘जा, हात लाव’ म्हणणं मोठं होतं, हे मला मान्य आहे. पण ही मदत एका अटीवर आहे: देणाऱ्याचं घर जसं आहे तसंच राहील. मोळी वर जाईल, आणि मग पाण्यानं स्पर्श धुतला जाईल. म्हातारीला या आंघोळीबद्दल काय वाटलं असेल, हे पुस्तक विचारत नाही. तो प्रश्न मराठीत विचारला जायला दलित आत्मकथनांची वाट बघावी लागली. दया पवारांच्या ‘बलुतं’चं १९७८ सालचं नावच बघा. बलुतं म्हणजे कामाच्या बदल्यातला वाटा, आणि तो भिकेसारखा पदरात टाकला जायचा.

साने गुरुजींबद्दल मात्र एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. ते त्या आंघोळीपाशी थांबले नाहीत. १९४७ साली पंढरपूरचं विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी उपोषण केलं. मोळी उचलून देणं ही मदत होती. मंदिराचं दार उघडणं ही मदत नव्हे, ते अडवून धरलेलं परत करणं होतं. मुलांना देणं शिकवताना हा फरक आपण कधी सांगतो का? जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलीकडे वह्या का नसतात, हा प्रश्न त्या बसमधून आलेल्या मुलांपैकी एखाद्याला पडलाही असेल. त्या दिवशी त्यासाठी वेळ ठेवलेला नव्हता.

परक्याला देण्याचा मला सर्वात पटलेला प्रसंग पुस्तकातला नाही, सिनेमातला आहे. माजिद माजिदींचा ‘चिल्ड्रन ऑफ हेवन’, १९९७ सालचा इराणी चित्रपट. अलीच्या हातून बहीण झाहराचे बूट हरवतात. घरी सांगायची सोय नाही, म्हणून दोघं एकच जोडी आळीपाळीनं घालून शाळेत जातात. एके दिवशी झाहराला आपले बूट शाळेतल्या दुसऱ्याच मुलीच्या पायात दिसतात. दोघं तिच्या मागावर तिच्या घरापर्यंत जातात. बूट मागायलाच गेलेले असतात. तिथं त्यांना दिसतं की त्या मुलीचे वडील आंधळे आहेत. दोघं एकमेकांकडे बघतात आणि काही न बोलता परत फिरतात.

काहीही हातातून हातात गेलेलं नाही. त्या मुलीला आपल्याला कोणी काही दिलं हे त्या क्षणी कळतही नाही. पण माझ्या मते ते देणंच आहे, आणि तेही स्वतःच्या वाटीतलं, कारण उद्या सकाळी पुन्हा एकाच जोडीवर दोघांना धावायचं आहे. इथं परक्याची गरज दिसली कशी? ती मुलं तिच्या घरापर्यंत चालत गेली म्हणून. आम्हाला रांगेत बसवलं होतं. रांगेत माणसाची फक्त पाळी दिसते.

०००

सत्राच्या दिवशी मी स्लाइड्स उघडल्याच नाहीत. सात ते अकरा वयाची चौदा मुलं होती. त्यांना ‘ईदगाह’ सांगितली, रेवडीच्या प्रसंगासकट. हमीद चिमटा खांद्यावर बंदुकीसारखा ठेवून येतो तिथं ती खूप हसली. शेवटी मी विचारलं, “कसं वाटलं?” मला काहीतरी छान उत्तर हवं होतं. एका मुलीनं हात वर केला आणि विचारलं, “पण मग तो जेवला का?”

मला उत्तर देता आलं नाही. गोष्टीत ते नाही. पण या मुलीला हमीद उपाशी असल्याचं दिसलं होतं. तिला त्याचं कौतुक करायचं नव्हतं, त्याला जेवायला घालायचं होतं. तासाभरात यापेक्षा जास्त मी काय शिकवणार होते?

यंदाचा मेल आला आहे. पुढच्या महिन्यात मुलांना घेऊन एका शाळेत जायचं आहे, आणि सूचनांचं डॉक्युमेंट बनवायचं काम माझ्याकडे आलं आहे. मी काही ओळी बदलल्या. फोटो काढायचा असेल तर आधी तिथल्या मुलांना विचारा. वस्तू ठरवण्याआधी त्यांना काय हवं ते शाळेला विचारा. मोडकी खेळणी आणू नका. या तिन्ही ओळी मान्य झाल्या. चौथी ओळ अशी आहे: ‘तिथल्या मुलांनी तुम्हाला काही दिलं, तर घ्या.’

त्या ओळीवर मॅनेजरची कॉमेंट आहे: “हे कशासाठी? खायचं काही दिलं तर? हायजीनचा प्रश्न येईल.”

मी दोनदा उत्तर टाइप करून खोडलं आहे. बोरांची गोष्ट कॉमेंटच्या चौकटीत मावत नाही. शेवटी एवढंच लिहिलं, “पाण्याची बाटली नेऊ, तिथंच धुऊन खाता येतील.” त्यावर अजून काही आलेलं नाही. कॉमेंट ओपन आहे.